मुलांच्या कलाने, पण कोणाच्या जिवावर?



या अंकाची जुळवाजुळव चालू होती तेव्हा आमच्या बैठकीत एका मुद्द्यावर बराच खल झाला. बालवाडीत मुलं काय आणि कशी शिकतात, हा आपला विषय आहे का? एकीचं म्हणणं होतं, पाळणाघरं आणि अंगणवाड्या आपण मागतो त्या बाईला कामावर जाता यावं म्हणून. आत खेळ कोणते घ्यायचे ते शिक्षणवाल्यांनी बघावं. दुसरी म्हणाली, लिहायचंच तर सेविकांच्या मानधनावर लिहा, रंगीत मण्यांवर कसलं लिहिता! मी दोन्हींवर एकत्र लिहायचं ठरवलं. वस्तीत ही दोन्ही एकाच दहा बाय दहाच्या खोलीत असतात आणि रोज एकमेकांच्या पायात येतात.

गेली आठ-नऊ वर्षं कामाच्या निमित्ताने मी पुण्याच्या वस्त्यांमधल्या बालवाड्या-अंगणवाड्यांत जाते. समाजकार्याच्या एम.ए.ला आम्हाला बालविकास होता, पण बराचसा वजन, उंची आणि लसीकरणाच्या तक्त्यांपुरता. आता मात्र जिथे जावं तिथे 'बालकेंद्रित', 'खेळातून शिक्षण' हे शब्द कानावर पडतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत स्तर मानला. २०२२ मध्ये त्या स्तराचा अभ्यासक्रम आराखडा आला, २०२३ मध्ये केंद्राने 'पोषण भी, पढाई भी' म्हटलं, २०२४ मध्ये तीन ते सहा वयासाठी 'आधारशिला' हा अभ्यासक्रम आला. कागदावर हे बरंचसं आपल्या मनासारखं आहे. घोकंपट्टी नको, खेळू द्या, मुलांच्या कलाने घ्या.

'कलाने घेणं' हे आपल्या चांगलं ओळखीचं आहे. आजारी माणसाच्या कलाने, तापट नवऱ्याच्या कलाने, म्हाताऱ्या सासूच्या कलाने घ्यायला आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. कलाने घेणारी बहुधा बाईच. म्हणूनच की काय, 'मुलांच्या कलाने' म्हटलं की हे काम कोण करणार, किती वेळात करणार, तिच्या हाताशी काय असणार, हे विचारायचंच राहून जातं. जणू बाई आहे म्हणजे माया आहे, आणि माया आहे म्हणजे जमेल.

हे काम प्रत्यक्षात कसं असतं ते आधी सांगते. एका अंगणवाडीत सेविकेने खोलीचे चार कोपरे केले आहेत. एकीकडे भातुकली, एकीकडे ठोकळे आणि रिकाम्या काड्यापेट्या, खिडकीखाली चित्रांची पुस्तकं, दाराशी पाण्याचं घमेलं. सगळ्या वस्तू मुलांच्या हाताला येतील अशा ठेवलेल्या. गाणी, हजेरी झाली की पाऊण तास कुठे बसायचं ते मुलांनीच ठरवायचं. चार वर्षांचा एक मुलगा सलग तीन दिवस पाण्यापाशीच होता. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात. फरशी सारखी ओली, मदतनीस बाई वैतागलेल्या. सेविकेने त्याला उठवलं नाही. चौथ्या दिवशी तिने तिथे एक उंच निमुळती बाटली आणि एक पसरट ताटली नेऊन ठेवली. बोलली काही नाही. पोराने बाटली भरली, ताटलीत ओतली आणि ओरडला, "बाई, पाणी कमी झालं!"

"कुठे गेलं?" तिने विचारलं.

तो ताटली उचलून खाली बघायला लागला. मग ताटलीतलं पाणी परत बाटलीत ओतलं, आणि बराच वेळ बाटलीकडे बघत राहिला. तिने उत्तर सांगितलं नाही. ते त्याचं त्याला दोन दिवसांनी सापडलं, की आणखी दोन महिन्यांनी, हे तितकंसं महत्त्वाचं नाही.

आता या बाईने काय काय केलं ते मोजा. तीन दिवस एका मुलाकडे, बाकीच्या पंचवीस-तीस मुलांवर नजर ठेवून, नीट पाहिलं. घरी गेल्यावर त्याचा विचार केला. दोन वस्तू शोधल्या. एक प्रश्न विचारला आणि पुढे गप्प राहिली, जे सगळ्यांत अवघड. बाहेरून बघणाऱ्याला मात्र पोरं खेळतायत आणि बाई बसलीय एवढंच दिसतं. पाहणीला आलेल्या एका साहेबांनी तिला विचारलंही होतं, "मुलं नुसती खेळतायत, तुम्ही शिकवता कधी?" घरकाम जसं केल्यावर दिसत नाही, न केल्यावर दिसतं, तसंच हे.

मुलांना मोकाट सोडणं आणि त्यांच्या कलाने शिकवणं यातलं अंतर या पाहण्यात आहे. ते पाहणं काढून घेतलं तर उरते ती खोलीभर पसरलेली खेळणी.

पाहण्याची गरज आणखी एका कारणासाठी आहे, आणि तिथे हा विषय थेट आपला होतो. त्याच खोलीत भातुकलीपाशी साडेचार वर्षांची एक मुलगी मातीच्या पाच भाकऱ्या वाढत होती. पप्पांना दोन, दादाला दोन, तिला स्वतःला एक.

"आणि मम्मीला?"

"मम्मी नंतर जेवते."

"नंतर काय जेवते?"

पोरीने पाचही भाकऱ्यांकडे पाहिलं. "चहा," ती म्हणाली.

वाटणीचं गणित बिनचूक होतं. पाच म्हणजे किती हे त्या मुलीला पक्कं कळलं होतं, आणि घरात आईचा नंबर कितवा हेही. पाटीवर पाचचा आकडा गिरवून घेणाऱ्या वर्गात यातलं काहीच बाहेर आलं नसतं. सेविकेने तिथे भाषण दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मातीचा गोळा मध्ये ठेवला आणि म्हणाली, आज भाकऱ्या करायच्या आधी जेवणारे मोजू या. मुलांनी मोजले. एकाने कुत्रंही मोजलं. आई मोजली गेली.

मूल स्वतः निवडतं असं आपण म्हणतो, पण घराने आणि गल्लीने आधीच निवडून दिलेलं ते पुष्कळदा निवडत असतं. मोकळं सोडलं की मुली भातुकलीकडे आणि मुलगे ठोकळ्यांकडे, हे चित्र मी कितीतरी ठिकाणी पाहिलं आहे. शिकागोच्या बालवर्गात शिकवणाऱ्या व्हिव्हियन पेली यांनी याच विषयावर १९८४ मध्ये एक सबंध पुस्तक लिहिलं, तेव्हा हे फक्त आपल्याकडचं नाही. यावर काही उत्साही संस्था भातुकलीच बंद करतात, किंवा 'आज मुलग्यांनीच स्वयंपाक करायचा' असा हुकूम काढतात. मला हे पटत नाही. हुकूम तो हुकूमच, पुरोगामी असला तरी. आमच्या सेविकेने ठोकळ्यांचा कोपरा उचलून भातुकलीला चिकटवला. आठवड्याभरात ठोकळ्यांची चूल झाली, मग ओटा, मग घर, आणि घर बांधायला मुली आल्या. एक मुलगा चहा करायला बसला तो उठेचना. दरवेळी इतकं सरळ होत नाही. काही मुलगे घर पाडायलाच येतात. मग ते भांडण सोडवायचं, म्हणजे पुन्हा पाहणारी बाई हवीच.

तीस-पस्तीस वर्षांच्या बायकांना "मला हे नको" एवढं वाक्य मोठ्याने म्हणता यावं म्हणून आपण शिबिरं घेतो. हाताची घडी, तोंडावर बोट, पाणी प्यायलाही विचारून उठायचं, बाई सांगतील तोच रंग भरायचा, हे तिसऱ्या वर्षापासून चालू असतं. आणि घरात जिला आधीच गप्प बसवलेलं असतं तिच्या अंगी ते चटकन मुरतं. 'शहाणी मुलगी' म्हणून तिचंच कौतुक होतं.

हे विचार परदेशातून आलेले, श्रीमंतांच्या शाळांचे, असा एक समज आपल्या कार्यकर्त्यांतही आहे. इंग्रजी शाळांच्या पाट्यांवर 'मॉन्टेसरी' शब्द वाचून तो झाला असावा. पण मारिया मॉन्टेसरींचं पहिलं बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, कामाला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी निघालं. चाळवजा इमारतींच्या मालकांना दिवसभर मोकळी असणारी पोरं भिंती खराब करतात याची काळजी होती, म्हणून त्यांनी जागा दिली! याच मॉन्टेसरीबाई १८९६ मध्ये बर्लिनच्या स्त्रियांच्या परिषदेत समान कामाला समान वेतन मागून आल्या होत्या, हे बालशिक्षणाच्या पुस्तकांत फारसं सांगत नाहीत.

आणि आपल्याकडे? नवऱ्यापासून विभक्त होऊन स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या ताराबाई मोडक. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ. ज्या दोन प्रकारच्या बायकांचं समाजाला काय करावं ते कळत नव्हतं, त्यांनी महाराष्ट्राचं बालशिक्षण उभं केलं. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार निघालं. ते पांढरपेशांचं. मग १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. आजच्या पालघर जिल्ह्यातल्या त्याच मुलखात, त्याच वर्षी, गोदावरी परुळेकरांबरोबर वारली वेठबिगारीविरुद्ध उठत होते. दोन वाटा वेगळ्या होत्या, पण ज्यांच्यासाठी त्या काढल्या ती माणसं एकच.

तिथे मुलं बालवाडीत येईनात. ताराबाई-अनुताईंनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच उचलून पाड्यावर अंगणात नेली. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा शंखशिंपले, बिया, पानं, गोटे घेतले. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडून विकासवाडी केली, कारण धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी त्याला कुठे ठेवणार? मुलाच्या कलाने घेणं म्हणजे त्याच्या घरातल्या कामाच्या घड्याळाकडेही पाहणं, हे त्यांना नेमकं कळलं होतं. या शेवटच्या गोष्टीसाठी तरी स्त्री चळवळीने कोसबाड पुन्हा वाचायला हवं.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्रालाही अंगणवाडीच म्हणतात. नाव राहिलं, आणि बाईचा त्यागही तिच्या नेमणुकीत गृहीत धरला गेला. ताराबाई-अनुताईंनी आपणहून जे दिलं ते सरकारने सेविकेकडून ठरवून घेतलं आणि त्याला 'मानधन' असं नाव दिलं. केंद्राने २०१८ मध्ये ते सेविकेला महिना ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० रुपये असं ठरवलं; त्यावर राज्य आपली भर घालतं, तीही दरवेळी मोर्चे काढल्यावर. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. ज्यांना कर्मचारी म्हणायला सरकार तयार नाही त्यांना ग्रॅच्युइटी लागू होते, हे न्यायालयाला सांगावं लागलं.

आणि तिच्या दिवसाचं काय? पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, मातांना आहार-आरोग्याची माहिती आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा या योजनेत आहेत. सहावीला हजेरीच्या वेळी मान आणि नंतर गच्छंती. वजन घ्या, गृहभेटी करा, सर्वेक्षण करा, निवडणूक आली की मतदार याद्या. त्यात पोषण ट्रॅकर आला. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले ते उगाच नाही. फोन बिघडलेले आणि ॲपमध्ये मराठी नाही. २०२५ मध्ये घरी नेण्याच्या आहारासाठी चेहरा ओळखण्याची अट आली. गरोदर बाईला दारात उभं करून, डोळे मिचकवायला सांगून, रेंज यायची वाट बघत बसलेली सेविका मी पाहिली आहे. मागे पाण्याचं घमेलं उलटलं होतं. त्या क्षणी कोणता मुलगा कशात रमलाय हे तिने कुठल्या डोळ्यांनी बघायचं?

तिला मी एकदा 'आधारशिला'बद्दल काय वाटतं ते विचारलं. ती म्हणाली, "ताई, छान आहे. एकच सांगा, यातलं मी काय सोडून हे करू?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही प्रशिक्षणात मिळत नाही.

आयांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. पालकसभेत सगळ्यांत आधी विचारलं जातं, "लिहायला कधी घेणार?" आपल्यातल्या काही जणी यावर हसतात, पालकांचं अज्ञान म्हणतात. धुणंभांडी करणाऱ्या एका बाईने मला सुनावलं होतं, "तुमच्या घरी पुस्तकं आहेत, तुमचं पोर खेळत खेळत शिकेल. माझं पोर खेळतच राहिलं तर?" चार घरची कामं करून ती केजीची फी भरते. तिने शाळेच्या दारात अपमान सोसलाय, फॉर्म वाचता न आल्याची लाज सोसलीय. शिक्षणाचा हक्क कायद्याने सहाव्या वर्षापासून आहे. त्याआधीचं शिक्षण सरकारने करावं असं २००९ च्या कायद्यात आहे, पण बंधन म्हणून नाही. मग तीन ते सहा या वयाचा बाजार झाला याला ती बाई जबाबदार नाही.

तिला पुस्तकी भाषेत समजवून उपयोग नसतो. उपयोग होतो तो दाखवण्याचा. मणी ओवणारी, पीठ मळणारी, काड्या उचलणारी बोटंच उद्या पेन्सिल नीट धरतात, आणि गोष्ट स्वतः रचून सांगणारं मूल वाचायला लागलं की अर्थासाठी वाचतं. आमच्या सेविकेने आयांना एक सकाळ वर्गात बसवलं आणि नुसतं बघायला सांगितलं. भाकरीवाल्या मुलीची आई त्यात होती. पोरगी तिला काय वाढते ते तिने पाहिलं. बाकीच्या बायका हसल्या, ती हसली नाही. घरी काय झालं ते मला माहीत नाही. पण पुढच्या सभेला तिने लिहिण्याबद्दल विचारलं नाही, "तुम्ही तिला असं कसं बोलतं करता?" हे विचारलं.

इटलीतल्या रेज्जो एमिलिया या शहराचं नाव आज मुलांच्या कलाने चालणाऱ्या बालशाळांसाठी जगभर घेतलं जातं, आणि आपल्या शहरांतल्या महागड्या शाळाही ते वापरतात. तिथली सुरुवात अशी: १९४५ मध्ये युद्ध संपताच शेजारच्या व्हिला चेल्ला गावच्या लोकांनी जर्मन सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून बालशाळा बांधायला घेतली. त्या भागातल्या अशा शाळा चालवण्यात इटालियन बायकांच्या संघटनेचा मोठा हात होता, आणि नगरपालिकेने त्या चालवाव्यात म्हणून या बायका वर्षानुवर्षं भांडल्या. नगरपालिकेची पहिली बालशाळा १९६३ मध्ये निघाली. तिथे एका वर्गाला दोन शिक्षिका असतात, आणि मुलं नसताना एकत्र बसून मुलांबद्दल बोलायचे, नोंदी करायचे तास पगारी कामात धरलेले असतात. आपल्याकडच्या शाळांनी त्यातलं लाकडी फर्निचर उचललं.

पगारी कामात धरलेले ते तास आपण का मागू नयेत? सेविकांच्या संघटना वेतनश्रेणी, निवृत्तीवेतन मागत आहेतच, आणि त्यात आपण त्यांच्या बाजूला आहोत. पण त्याला जोडून आपल्या महिला मंडळांनी आणि बचत गटांनी आपापल्या वस्तीत मागायला हवं की वर्गाचे तीन तास सेविका फक्त मुलांची असेल. त्या वेळात सर्वेक्षण नाही, ॲप नाही, साहेबांच्या बैठका नाहीत. दुसरी प्रशिक्षित बाई वर्गात हवी, आणि मदतनिसाला स्वयंपाक-झाडलोटीपुरती न ठेवता हे शिकण्याची संधी हवी. आठवड्यातला एक अर्धा दिवस, मुलं नसताना, सेविकांनी एकत्र बसून कालच्या मुलांबद्दल बोलायचा, पूर्ण पैशांसह. कोणी म्हणेल, आधी छप्पर तर नीट होऊ दे. छप्परही मागू. पण गळकं छप्पर ऐंशीच्या दशकापासून यादीत पहिलं आहे आणि त्याखालचं बाकी सगळं तेव्हापासून थांबलंय.

ज्या संस्था स्वतः बालवाड्या चालवतात त्यांनी आपल्या घरातही बघावं. बालवाडी ताईला आपण काय देतो? प्रकल्पाचा निधी संपला की सगळ्यांत आधी कोणाला थांबवतो? आपल्या अहवालांत 'बालस्नेही' शब्द असतो तेव्हा तिच्या सुट्ट्यांचा हिशेब कोण ठेवतं? या प्रश्नांची उत्तरं बैठकीत, ताईंना समोर बसवून, काढली तर बरं होईल.

पुढच्या अंकात सेविकांच्या आणि बालवाडी ताईंच्या नोंदी छापायच्या आहेत. एका मुलाने किंवा मुलीने एका आठवड्यात काय निवडलं, तुम्ही काय पाहिलं, आणि पाहायला तुम्हाला किती वेळ मिळाला, एवढंच लिहा. कोणी लिहिणारी नसेल तर तुमच्या गटातल्या एकीने तिच्याजवळ बसून तिच्या शब्दांत उतरवून घ्या. पाठकोऱ्या कागदावर, पेन्सिलीने लिहिलेलंही चालेल.